२४०एसएक्स घेतोयस? आधी खाली वाकून बघ

अरे निसानची एस१३ (२४०एसएक्सची पहिली पिढी) घ्यायचं ठरवलंयस ते एकदम भारी, पण रंग आणि रिम्स बघून लगेच पैसे देऊ नकोस. अमेरिकेत बर्फात मीठ टाकतात तिकडच्या गाड्या आतून सडतात, त्यामुळे बॉनेट उघडून स्ट्रट टॉवर (सस्पेन्शन वर जिथे बॉडीला बसतं ती जागा) बघ, मग जॅक लावून खालच्या फ्रेम रेल (गाडीला आधार देणारे लांब पत्रे) बोटाने दाबून बघ, भोक पडलं की सरळ घरी ये. इंजिन एकवेळ बदलता येतं रे, सडलेला पत्रा नाही परवडत.

१९९१ पासूनचं केए२४डीई इंजिन मिळालं तर उत्तम, १६ व्हॉल्व्हचं आहे. थंड इंजिन चालू करायला लाव, पुढून खडखड आली तर बहुतेक टायमिंग चेनचे गाइड (चेनला जागेवर धरणारे तुकडे) गेलेत, तेवढे पैसे किंमतीतून कमी करून माग.

आणि निसानच्याच टर्बोवाल्या एसआर२० इंजिनच्या मागे लगेच धावू नकोस, ते इंजिन या गाडीत अमेरिकेत कधी आलंच नाही, कॅलिफोर्नियात तर स्मॉगला (धुराच्या तपासणीला) अडकशील. पहिलं वर्ष बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर), ब्रेक, कूलिंग, चांगले टायर एवढंच कर. मी पहिल्याच महिन्यात कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेले) टाकले आणि जुने बुश तसेच ठेवले, गाडी सरळ चालेचना.