पहिलीतल्या मुलीला शाळेत अ-आ-इ ऐवजी ‘ग म भ न’ शिकवतात. घरी बाराखडी पाठ करून घेऊ का?

घाई करू नका, शाळेची पद्धत चांगली आहे. ग, म, भ, न एवढी चारच अक्षरं आली की मूल नमन, गगन, मन असे शब्द स्वतः वाचू लागतं. ‘मला वाचता येतं’ हा आनंद त्याला पहिल्या काही आठवड्यांतच मिळतो. नुसती घोकलेली बाराखडी मुलं गाण्यासारखी म्हणतात, पण मधलंच ‘कु’ दाखवलं की ‘क’पासून पुन्हा सुरुवात करतात!

मी परळला संध्याकाळी मुलांचं वाचन घेते. आमचं पुस्तक म्हणजे लोकलच्या स्टेशनांच्या पाट्या. ‘परळ’ला काना-मात्रा काहीच नाही, ‘दादर’ला एक काना. खरी कसोटी ‘चिंचपोकळी’. पहिली वेलांटी च-च्या आधी लिहायची, पण उच्चारायची नंतर. मुलं इथेच अडखळतात, आणि घरचे त्याला आळस समजून रागावतात. फार वाईट वाटतं. अशा वेळी च, चि, ची बोट ठेवून सावकाश म्हणून घ्या.

बाराखडी हवीच, पण अक्षरं ओळखू लागल्यावर. आणि रोज दहा मिनिटं तिला मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवा, हे मात्र आजपासूनच.