कोल्हापुरात पाच जणांची नाट्यसंस्था काढायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही पाच जण आहात, वीस हजार जमवलेत, आणि आधी नोंदणी की आधी नाटक, असं विचारलंय. मी म्हणेन, आधी तालमीची जागा बघा. (कोल्हापुरात ‘तालमीला चाललोय’ म्हटलं की लोक आधी दंडाकडे बघतात, त्याची सवय करून घ्या.)

आम्ही सहा जण होतो. नाव ठरवण्यात दोन महिने घालवले, लेटरहेडसुद्धा छापलं, पण उभं राहायला जागा नाही. शेवटी एकाच्या मामांनी गुळाचं रिकामं गोदाम दिलं. रात्री आठ ते दहा. खर्च एक ट्यूब आणि एक झाडू, मुंगळे फुकट. जागा आणि वेळ पक्की झाली की कोण टिकणार ते महिन्याभरात दिसतं. आमचे सहाचे चार झाले, आणि मग दोन पात्रांची एकांकिका घेतली.

संहिता घेताना लेखकाची परवानगी लेखीच घ्या, मानधनही तेव्हाच बोला. आम्ही फोनवरच्या होकारावर सहा आठवडे तालमी केल्या आणि नंतर कळलं, हक्क दुसऱ्याच ग्रुपला दिलेत. तिकीट लावून प्रयोग करायचा तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र लागतं. संहिता पक्की झाली की लगेच पाठवा, प्रयोगाच्या तोंडावर नको.

नोंदणीची घाई नको. सोसायटी म्हणून नोंदवायला किमान 7 सभासद लागतात. नावापुरते दोघे घुसवलेत तर पुढं प्रत्येक सहीसाठी त्यांच्या दारात उभं राहाल.

केशवराव भोसले नाट्यगृहात पहिला प्रयोग व्हावा असं कुणाला नाही वाटणार? गायक-नट केशवरावांनी 1908 मध्ये ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढली तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते, त्यामुळे वयाचा प्रश्न तर नाहीच. पण 8 ऑगस्ट 2024 ला नाट्यगृह जळालं आणि आम्हाला शंभर खुर्च्यांच्या हॉलमध्ये, विंगांशिवाय प्रयोग करायला शिकावं लागलं. तुम्ही तिथूनच सुरू करा. नेपथ्य एका छोट्या हत्तीत मावेल एवढंच ठेवा. आमची पहिली लेव्हल (रंगमंचावरचा लाकडी चौथरा) गोदामाच्या दारातूनच बाहेर निघेना, कापावी लागली.

हिशोबाची वही मात्र दिग्दर्शकाकडे देऊ नका. आमच्यात दिग्दर्शक मीच होतो. पहिल्या प्रयोगाचे 340 रुपये अजून जुळलेले नाहीत.