प्रगतिपुस्तक शोधून ठेव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तर पहिल्याच रात्री डोक्यात लिहून झालं होतं, कागदावर उतरायला आजचा दिवस उजाडला. हे असं का होतं, ते तुला समजावून सांगायला नको.

एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आपला हा विकार, अपंगत्वात मोडतो का, दाखला मिळेल का, असं विचारलंस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी हे नाव नाही. म्हणून तेवढ्या निदानावर कार्ड मिळेल अशी आशा धरू नकोस, आणि 'ओळख आहे, करून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नकोस. पण तुझ्या पत्रात १५ चे ५१ दोनदा झालेत. वाचन, लेखन, गणिताचीही तपासणी करून घे. अध्ययन अक्षमता पुष्कळदा एडीएचडीच्या जोडीनेच येते आणि ती यादीत आहे. तिचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त निघालं तर आरक्षणाचा प्रश्न येतो.

आणि नाही निघालं तर? इथेच बहुतेक जण फाईल मिटतात. यादीच्या आधी कायद्यात दिव्यांग व्यक्तीची व्याख्या आहे: दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची उणीव, आणि बाहेरचे अडथळे मिळून जिला बरोबरीने वावरता येत नाही ती. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच व्याख्या धरली. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार. यूपीएससीच्या परीक्षेला लेखनिक हवा होता. त्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. एडीएचडीवरचा निकाल नाही हा, पण अर्जात याचा आधार घेता येतो.

तेव्हा कॉलेजला लिहिताना 'मला एडीएचडी आहे, सहकार्य करावे' एवढंच लिहू नकोस. त्यावर सहानुभूती मिळते, बाकी काही हलत नाही. काय हवंय ते लिही: पंख्याच्या खडखडाटापासून दूरची शांत खोली, मध्ये पाच मिनिटांची सुट्टी, सूचना तोंडी नकोत, कागदावर. डॉक्टरांचं पत्र जोड. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, सत्र सुरू होतानाच दे, आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. (माझ्या एका अर्जाची पोच मी घेतली होती. ती पुढे कुठे ठेवली, देव जाणे. फोटो काढ.)

निदानासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाशील तेव्हा लहानपणाबद्दल विचारतील. बाराव्या वर्षाआधीची लक्षणं लागतात. माझं निदान चव्वेचाळिसाव्या वर्षी झालं, ते चौथीच्या प्रगतिपुस्तकाच्या मदतीने. शेरा होता, 'हुशार आहे, पण धांदरट. उत्तरपत्रिकेची दोन पाने कोरी सोडली.' घरात त्यावरून वर्षभर बोलणी खाल्ली होती. डॉक्टरांनी तेच वाक्य दोनदा वाचून टिपून घेतलं. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध लिहून दिलं तर चिठ्ठी दोन प्रतींत माग. सगळ्या दुकानांत ते मिळत नाही, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी निघ.

घरच्यांना किती सांगायचं ते तू ठरव. लग्नाच्या बाजाराची काळजी करणाऱ्या आत्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

अर्जाचा मसुदा अर्धामुर्धा असला तरी पाठव. रविवारी दहाला मी फोन करीन. नको, तूच कर.

तुझी,
मावशी