'फुई' कुठे, 'इबा' कुठे?

प्रश्न : स्पॅनिशच्या साध्या भूतकाळाचे तक्ते पाठ आहेत, पण वाक्यात चुका होतात. 'मी अंबडला ३ वर्षं कामाला होते' याला 'त्राबाखाबा' लिहिलं, चुकलं. 'लहानपणी रोज रामकुंडावर जायचे' याला 'फुई', तेही चूक. 'मी द्राक्षं खाल्ली' याला 'कोमिएरोन' लिहिलं, त्यावरही लाल रेघ. असं का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : तिसरी चूक आधी घेऊ, कारण ती खास मराठी माणसाची आहे. 'आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, द्राक्षं खाल्ली' : आपलं क्रियापद इथे कर्माप्रमाणे बदलतं. स्पॅनिशमध्ये ते फक्त कर्त्याचं ऐकतं. अख्खा घड असो की एकच मणी, मी खाल्ला तर 'कोमी', तू खाल्लास तर 'कोमिस्ते', तिने खाल्ला तर 'कोमिओ'. 'कोमिएरोन' म्हणजे 'त्यांनी खाल्लं'. लिंगभेदही नाही, 'गेलो' आणि 'गेले' दोन्हींना 'फुई'च.

'जायचे' मात्र इंग्रजीतून विचार केल्यामुळे चुकलं. स्पॅनिशमध्ये भूतकाळाची दोन रूपं आहेत : घडून संपलेल्या गोष्टीला 'फुई' (गेले), सवयीच्या किंवा चालू असलेल्या गोष्टीला 'इबा' (जायचे). इंग्रजीचं 'वेंट' दोन्हीकडे चालतं. मराठीत 'गेले' आणि 'जायचे' वेगळे आहेतच. मराठी वाक्यात सवयीचं 'जायचे' आलं की सहसा 'इबा' लिहा. तसंच 'कळलं' म्हणजे 'सुपे', 'माहीत होतं' म्हणजे 'साबीआ'. हा भेद आपल्याला आयता मिळाला आहे, तो वापरा.

मराठी दगा देते ती 'होते'पाशी. 'कामाला होते' ऐकताना काम चालू असल्यासारखं वाटतं, पण '३ वर्षं' म्हटलं की त्या काळाला कुंपण पडतं. मोजून संपलेला काळ म्हणून 'फुई'च्या जातीचं 'त्राबाखे'. हेच 'तेव्हा मी अंबडला कामाला होते, आणि एक दिवस...' असं असेल, तर 'इबा'च्या जातीचं 'त्राबाखाबा' बरोबर.

लिहिताना आघातचिन्ह विसरू नका. 'आब्लो'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असेल तर 'मी बोलते'; शेवटच्या 'ओ'वर चिन्ह आणि जोर असेल तर 'ती बोलली'. 'फुई', 'तुबे', 'इसे' या अनियमित रूपांवर मात्र चिन्ह नसतं. तिथे ते दिलं तर चूकच धरतात.