संत्र्याच्या रसाच्या निर्यातीत ब्राझील जगात पहिला कसा झाला?

बहुतेक जण डिसेंबर 1962 मधल्या फ्लोरिडाच्या कडाक्याच्या थंडीकडे बोट दाखवतात. तिथल्या बागा गोठल्या, रसाचा तुटवडा पडला आणि ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यात निर्यातीसाठी गोठवलेल्या घट्ट रसाचे कारखाने उभे राहिले. हे खरंच आहे, पण माझ्या मते खरी पायाभरणी आधीच झाली होती. 1940 च्या दशकात मावा या किडीमार्फत पसरणाऱ्या ट्रिस्टेझा विषाणूने ब्राझीलमधली संत्र्याची लाखो झाडं मारली. आंबट संत्र्याच्या खुंटावर (कलमाच्या मुळाकडच्या भागावर) बांधलेल्या कलमाच्या सांध्याखालीच साल निकामी व्हायची, पानांतलं अन्न मुळांपर्यंत पोचायचंच नाही आणि झाड उपाशी मरायचं. मग बागायतदारांनी रंगपूर लाइम या लिंबूवर्गीय झाडाचा खुंट धरला. तो हा रोग सोसतो, पाण्याचा ताणही सहन करतो; त्यामुळे बागा पुन्हा उभ्या राहिल्या. 2004 पासून मात्र ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाने तिथल्या बागांना ग्रासलंय.