कॅलिफोर्नियात कारपूल लेनचे तिकीट मिळाले तर कोर्टात लढावे, की दंड भरून मोकळे व्हावे?

लॉस एंजेलिसजवळ कारपूल लेनमध्ये, म्हणजे एकापेक्षा जास्त माणसे असलेल्या गाड्यांसाठी राखलेल्या लेनमध्ये, तिकीट मिळाले, 490 डॉलर भरायचे आहेत आणि ओळखीचे सगळे ‘भरून टाक’ म्हणत आहेत, तेव्हा काय करावे, असे आपण विचारले आहे. हे ‘भरून टाक’ ऐकले की माझे डोके फिरते, कारण माझ्या साडूभाऊंनीही मला हेच सांगितले होते आणि वर ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हणही ऐकवली होती. ज्यांच्या घरात जमिनीच्या वाटणीचा दावा आजोबांपासून नातवापर्यंत चालतो त्यांनी ती म्हण जरूर पाळावी, पण इथल्या ट्रॅफिक कोर्टात एकेका प्रकरणाची सुनावणी चहा निवायच्या आत आटोपते आणि वकीलही लागत नाही.

आमची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. दोन वर्षांखालच्या मुलांना पाठमोऱ्या सीटवर बसवणे इथे 2017 पासून सक्तीचे आहे, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला मागे फक्त सीटची पाठ दिसते आणि गाडीत चालक एकटाच आहे असे वाटते. मोटारसायकलवरच्या अधिकाऱ्याला तसेच वाटले. त्याने मला कडेला घेतले, मागच्या खिडकीतून वाकून पाहिले, तेव्हा मुलीने हातातले अर्धे बिस्कीट त्याच्यापुढे धरले. बाळ कायद्याने पूर्ण माणूस मोजले जाते, त्यामुळे विषय तिथेच संपायला हवा होता. पण तिकीट लिहायला त्याने आधीच सुरुवात केली होती. त्याने गाडीत माणसे कमी असल्याचे 21655.5 हे कलम खोडले, शेजारी 21655.8 लिहिले, आणि मी लेनमध्ये शिरताना ओलांडायला मनाई असलेली दुहेरी पांढरी रेघ ओलांडली असे मला सांगितले. दंड तेवढाच, आणि या दुसऱ्या कलमाला परवान्यावर एक पॉइंटही बसतो, म्हणजे विम्याचा हप्ता वाढण्याची भीती. मी लेनमध्ये शिरलो ते तुटक रेघ असलेल्या मोकळ्या जागेतून, हे मला पक्के ठाऊक होते, कारण त्या रस्त्याने मी रोज कामाला जात असे.

आधी मी लेखी निवेदनाचा मार्ग घेतला. टीआर-205 हा अर्ज भरायचा, दंडाची पूर्ण रक्कम आधी जमा करायची, अधिकाऱ्यानेही आपले म्हणणे लिहून पाठवायचे आणि न्यायाधीशांनी कागदांवरून निर्णय द्यायचा, अशी ती पद्धत आहे. मी हरलो. साडूभाऊंचा फोन त्याच संध्याकाळी आला आणि त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. त्यांना माहीत नव्हते ते हे, की लेखी निकाल विरुद्ध गेला तर तो पाठवल्याच्या तारखेपासून 20 दिवसांत नव्याने, प्रत्यक्ष सुनावणी मागता येते आणि तिथे आधीचा निकाल जमेस धरला जात नाही.

सुनावणीला अधिकारी आला होता. मी त्याला एवढेच विचारले की, मी रेघ ओलांडली तेव्हा आपण नेमके कुठे उभे होता. पुलाच्या खांबाजवळ, असे तो म्हणाला. त्या खांबाच्या पुढे रस्ता वळतो आणि लेनमध्ये शिरण्याची जागा वळणापलीकडे आहे, हे दाखवणारी छायाचित्रे पत्नीने शेजारच्या सीटवरून काढलेली होती, ती मी पुढे ठेवली. न्यायाधीशबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून तिकिटाची प्रत जवळ धरली आणि खोडलेल्या कलमावर बोट ठेवून त्यालाच विचारले की, आधी माणसे मोजण्यासाठी गाडी थांबवली होती, की रेघेसाठी. उत्तर यायला वेळ लागला. साध्या दंडाच्या प्रकरणातही गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, आणि तो झाला नाही. जमा केलेले पैसे टपालाने परत आले. त्या चेकचा फोटो मी साडूभाऊंना पाठवला, तर ‘रजेचा दिवस आणि पार्किंग त्यातून वजा करा’ असे त्यांचे उत्तर आले. रजा माझी होती आणि ती मी आनंदाने घालवली.

लोक न भांडता पैसे भरतात म्हणूनच असली तिकिटे बिनदिक्कत लिहिली जातात, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या वेळचा मूळ दंड 100 डॉलरपासून सुरू होतो, त्यावर अधिभार चढत चढत तो 490 होतो. एवढी रक्कम मागणाऱ्याकडे पुरावा मागण्यात लाज कसली? 1976 साली सांता मोनिका फ्रीवेवर अशी लेन आखली गेली तेव्हा लॉस एंजेलिसकरांनी ती लेनच कोर्टात नेली आणि काही महिन्यांत बंद पाडली. त्यांना कोणी शहाणपण शिकवले नव्हते.

आता आपल्याविषयी. आपल्यावर कोणते कलम आहे ते आपण लिहिलेले नाही, ते 21655.5 असेल तर परवान्यावर पॉइंट बसत नाही, त्यामुळे पॉइंट झाकण्यासाठी करतात त्या ट्रॅफिक स्कूलच्या वर्गाचा खटाटोप करण्याचे कारण नाही. आपण खरोखरच एकटे असाल आणि लेन चालू असण्याच्या वेळेत असाल, तर माझी हकीकत आपल्या उपयोगाची नाही. चलाखीच्या युक्तिवादांना इथले न्यायाधीश सरावलेले आहेत. 2013 मध्ये मरीन काउंटीत एका गृहस्थाने कंपनीची कागदपत्रे शेजारच्या सीटवर ठेवून कंपनी ही कायद्याने व्यक्तीच आहे असा दावा केला होता, तोही फेटाळला गेला. अडथळा चुकवण्यासाठी लेनमध्ये जावे लागले, फलक झाकलेला होता, किंवा तिकिटावरची जागा अथवा वेळ चुकीची आहे, असे काही असेल तर मात्र जरूर लढा, आणि अधिकाऱ्याच्या टिपणांची प्रत सुनावणीआधीच लेखी मागवा. मी वकील नाही. लढा किंवा भरा, पण नोटिशीवरची तारीख चुकवू नका, कारण ती चुकवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो महाग पडू शकतो.