ट्रेडमिलवर लांब पळायचं तर स्पीड किती ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 10 च्या स्पीडला 5 किलोमीटर अर्ध्या तासात होतात, पण सातव्या किलोमीटरला पाय जड होतात आणि मशीन बंद करावं लागतं. जानेवारीत पहिली हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) आहे, पावसाळाभर जिमशिवाय पर्याय नाही. मग 14-15 किलोमीटरसाठी स्पीड किती लावायचा, आणि मशीनला चढ किती द्यायचा?

7.6 लावा.

हो, इतका कमी. शेजारच्या मशीनवरचा मुलगा 12 वर पळत असेल आणि मधूनच तुमच्या आकड्याकडे बघेल, बघू दे. तो वीस मिनिटांत उतरून आरशासमोर जाईल, तुम्हाला दीड-दोन तास काढायचेत.

आता हा आकडा आला कुठून ते सांगते. पीटर रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरचं एक सूत्र धावणाऱ्यांत फार चालतं: अंतर दुप्पट केलं की वेळ दुप्पट नाही, साधारण 2.08 पट लागतो. त्या हिशोबाने तुमच्या 30 मिनिटांवरून हाफचे सुमारे 2 तास 18 मिनिटं निघतात. पण हे सूत्र त्या अंतराचा सराव असलेल्यांसाठी आहे. सात किलोमीटरला थांबणाऱ्याने त्यात दहा-बारा मिनिटं घालावीत, म्हणून अडीच तास धरू. 21.1 किलोमीटर अडीच तासांत म्हणजे किलोमीटरला 7 मिनिटं 7 सेकंद, मशीनवर साधारण 8.4. हा झाला शर्यतीच्या दिवसाचा वेग. आठवड्यातलं एक लांब पळणं त्याहून पाऊण मिनिट तरी हळू हवं, म्हणजे 7 मिनिटं 54 सेकंद, म्हणजे 7.6. अंतरही एकदम 15 करू नका. आधी 8, मग 9, दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा हलका.

एक गोष्ट बरेच जण लक्षात घेत नाहीत. मशीनवर 'ताशी किती किलोमीटर' दिसतं, आपण विचार करतो 'किलोमीटरला किती मिनिटं' असा, आणि या दोन्हींचं नातं सरळ नाही. 12 वरून 12.5 केलं तर किलोमीटरमागे 12 सेकंद वाचतात. 7.5 वरून 8 केलं तर तब्बल 30. अर्ध्याचं बटण दाबायला सारखंच सोपं, पण हळू पळणाऱ्याला ते कितीतरी महाग पडतं. म्हणून आपल्यासारख्यांनी 0.1 नेच वाढवायचं. झटपट स्पीडची 6, 8, 10 अशी जी बटणं असतात, त्यांना हातच लावू नका.

आणि आता जरा उलटं बोलते, कारण मी स्वतः या आकड्याने फसले आहे.

मी ठाण्यात राहते. पहिल्या वर्षी जून ते सप्टेंबर सोसायटीच्या जिममध्ये 8.5 वर पळत होते, खुशीत होते. पाऊस थांबल्यावर उपवनच्या रस्त्याला गेले तर त्याच वेगाने चार किलोमीटर निघेनात. आधी दमटपणाला दोष दिला, मग बुटांना, मग वयाला. शेवटी एका रविवारी शिवणाचा टेप घेऊन जिममध्ये गेले. मशीनचा प्लग काढला, पट्ट्यावर खडूची खूण केली, हाताने पट्टा सरकवत पूर्ण वेढा मोजला. भरला 3.1 मीटर. मग मुलीला फोनवर व्हिडिओ काढायला बसवलं आणि मी 8.5 लावून पळाले, कारण अंगाचं वजन पट्ट्यावर असतानाच खरा वेग कळतो. पट्ट्याचे 50 फेरे म्हणजे 155 मीटर, त्यांना साधारण 66 सेकंद लागायला हवे होते. लागले 70. म्हणजे मशीन 8.5 दाखवत होतं आणि पट्टा 8 ने फिरत होता. चार महिने मी आरामात 8 वर पळत होते आणि समजत होते भलतंच. मशीन कुठल्या कंपनीचं ते विचारू नका. जुना, न तपासलेला पट्टा कुठल्याही मशीनचा असा घसरतो. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळावरही विसंबू नका. जिममध्ये त्याला जीपीएस मिळत नाही, हाताच्या हेलकाव्यावरून ते अंदाज बांधतं. मशीनची आधाराची नळी धरून पळालात तर तोही चुकतो. नळी तशीही धरायची नाहीच, बरंचसं काम हातच करतात.

त्यामुळे 7.6 ही फक्त सुरुवात. खरी खूण श्वासाची. 'बोलता येईल इतक्याच वेगाने पळा' असं सगळे सांगतात, पण जिममध्ये बोलणार कोणाशी? मी सतराचा पाढा म्हणते. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एका श्वासात दोन ओळी सहज झाल्या तर वेग बरोबर. एकच ओळ होऊन धाप लागली तर 0.2 कमी करा. पाढा संपून गाणं म्हणावंसं वाटलं तर 0.1 वाढवा. ही चाचणी पहिल्या पाच मिनिटांत घेऊ नका, तेव्हा सगळ्यांनाच आपण फार भारी वाटतो. पंचविसाव्या मिनिटाला घ्या, पुन्हा पन्नासाव्याला.

पन्नासाव्या मिनिटाला तोच आकडा जड वाटेल, घाबरू नका. बाहेर पळताना अंगाला वारा लागतो, जिममध्ये आपण एकाच जागी आपल्याच घामाच्या वाफेत उभे असतो. शरीर तापतं, पाणी कमी होतं, आणि वेग तोच असूनही हृदयाचे ठोके चढत जातात. समोर पंखा असलेलं मशीन पकडा, त्यासाठी सकाळी दहा मिनिटं लवकर जावं लागलं तरी जा. पाणी हाताशी ठेवा. तरीही जड गेलं तर 7.6 वरून 7.4 वर या आणि ठरलेला वेळ पूर्ण करा. आकडे दिसू नयेत म्हणून पॅनलवर नॅपकिन टाकून पळणं हा माझा सर्वांत उपयोगी शोध आहे. (माझी मुलगी याला 'देव झाकून ठेवणं' म्हणते.) काही जिममध्ये मशीन तासाभराने आपोआप थांबतं, तेव्हा पाणी पिऊन लगेच पुन्हा सुरू करा. त्या मिनिटभराने सराव वाया जात नाही.

चढाचं विचारलंत. 'नेहमी 1 टक्का ठेवा' हे जोन्स आणि डाउस्ट यांच्या 1996 च्या अभ्यासातून आलं. बाहेर हवेचा जो विरोध असतो त्याची भरपाई म्हणून. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी साधारण साडेदहापासून अठरापर्यंतचे होते. आपल्या वेगाला हवेचा विरोध नगण्य, शून्य ठेवलंत तरी काही बिघडत नाही. मी दर दहा मिनिटांनी 0 आणि 1.5 मध्ये बदलते, ते पोटऱ्यांना एकाच चालीचा कंटाळा येऊ नये म्हणून. तुमची शर्यत मुंबईची असेल तर पेडर रोडचा चढ वाटेत आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा, लांब पळण्याच्या दिवशी नव्हे, 3 टक्क्यांवर तीन-चार मिनिटांचे चार तुकडे करा, वेग 7 च्या आसपास.

तुमचं ते जोरात पळणंही अगदी सोडून देऊ नका. आठवड्यातल्या दुसऱ्या एका दिवशी 9 वर आठ-आठ मिनिटं तीनदा, मध्ये दोन मिनिटं चालणं.

आणि पाऊस उघडला की, अगदी एखाद्याच रविवारी का होईना, रस्त्यावर या. मशीनवर वेग पट्टा धरून ठेवतो, बाहेर तो आपल्याला धरावा लागतो, आणि पहिला किलोमीटर सगळ्यांचाच फार जोरात जातो. तिथेही पाढा म्हणा, फक्त मनात नको, मोठ्याने. सकाळी सहाला फिरायला आलेली मंडळी वळून बघतात, पण त्यांनाही सतराचा येत नसतो.